इंदूर, पलासियाकडचं रुमॅटॉलॉजी क्लिनिक: इथे रिपोर्टच्या आधी पेशंट बघतात

पाचपैकी चार तारे देतेय. एक तारा जिन्यासाठी आणि तासन्‌तास ताटकळत बसवतात त्यासाठी कापलाय, डॉक्टर मॅडमच्या कामाला माझ्याकडून पाचच्या पाच. लांबलचक लिहिणार आहे, कारण घरात कोणाला महिनोन्‌महिने बारीक ताप, सांधेदुखी, तोंडावर लाली, केस गळणं असं सगळं एकदम चाललंय आणि कोणीच आजाराचं नाव नीट सांगत नाहीये, अशा लोकांनी हे पूर्ण वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करते, हे हाडांच्या डॉक्टरांचं क्लिनिक नाही. गुडघ्याची वाटी झिजली, कंबर धरली म्हणून इथे नंबर लावायची गरज नाही, त्यासाठी ऑर्थोपेडिकवाले आहेत. रुमॅटॉलॉजिस्ट बघतात ते आजार वेगळे, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते ते. लुपस (त्वचा, सांधे, किडनी, कुठेही घुसणारा), शोग्रेन (तोंड-डोळे कोरडे पाडणारा), स्क्लेरोडर्मा (कातडी कडक करणारा), डर्मॅटोमायोसायटिस (त्वचा आणि स्नायूंचा), रुमॅटॉइड आर्थरायटिस (सांधे सुजवणारा), आणि काही पेशंटमध्ये दोन-तीन आजारांची मिसळ असते तेपण. या डॉक्टरांची संख्या आपल्याकडे तशी कमीच, त्यामुळे इथे देवास, खरगोन, बडवानीपासून पेशंट येतात आणि गर्दी कायमची.

मी गेले ते माझ्या धाकट्या नणंदेला घेऊन. तिशीच्या आतली, एका प्रायव्हेट शाळेत शिकवते, कधी साधी सर्दी नाही अशी मुलगी. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला मैत्रिणींबरोबर राजवाड्याला गेली, सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही गाल आणि नाकाचा वरचा भाग लालभडक. सगळे म्हणाले रंगाची अ‍ॅलर्जी आहे. एका स्किनवाल्यांनी ट्यूब दिली, लावली की लाली कमी व्हायची, बंद केली की परत, नंतर कळलं की त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. मग बोटांचे सांधे सकाळी आखडायला लागले, पोळ्या लाटता येईनात, फळ्यावर लिहिताना खडू धरवेना. पावसाळा होता म्हणून चिकनगुनिया म्हणाले, आणि ते म्हणणं तसं चुकीचं पण नाही कारण चिकनगुनियानंतर सांधे खरंच कितीतरी महिने दुखतात. पुढे ताप, तर विडाल पॉझिटिव्ह म्हणून टायफॉइडची औषधं झाली. हिमोग्लोबिन कमी म्हणून आयर्नच्या गोळ्या. एका मोठ्या हॉस्पिटलात तर सगळे रिपोर्ट चाळून सांगितलं की टेन्शन आहे, लग्नाचं वय आहे, मन रमवा. ती बिचारी घरी येऊन रात्रभर रडली. राग याचा येतो की सांधेवाल्यांनी सांधा बघितला, स्किनवाल्यांनी स्किन बघितली, तापवाल्यांनी ताप, पण ही सगळी लक्षणं एकाच पोरीची आहेत आणि एकाच वर्षातली आहेत हे कोणी एका कागदावर मांडूनच बघितलं नाही.

इथे मॅडमनी नेमकं तेच केलं. आम्ही जाडजूड फाइल टेबलावर ठेवली, त्यांनी ती बाजूला सरकवली आणि म्हणाल्या आधी मला तुम्ही सांगा, फाइल नंतर. मग प्रश्न सुरू. सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो, पाच-दहा मिनिटं की तासभर. थंड पाण्यात हात घातला की बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होतात का. कोरडी पोळी किंवा बिस्कीट पाण्याशिवाय गिळता येतं का, डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं का. केस विंचरायला हात वर केला की दंड दुखून खाली येतात का, जमिनीवर बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येतं का. खोल श्वास घेतला की छातीत टोचतं का. लघवीला फेस येतो का, सकाळी डोळ्यांखाली सूज असते का. आई-मावशीकडे कोणाला थायरॉइड, कोणाला कोड, कोणाला असा सांध्यांचा आजार. टीबीची किंवा बीपीची औषधं कधी घेतली का, कारण काही औषधांनीसुद्धा लुपससारखा आजार होतो, आयसोनियाझिड आणि हायड्रॅलाझिन अशी नावं त्यांनी घेतली. ज्या बायका लग्न झालेल्या असतात त्यांना गर्भपात किती झाले, पायात रक्ताची गाठ कधी झाली होती का हेही विचारतात, ते माझ्या शेजारी बसलेल्या पेशंटकडून कळलं.

मला आधी वाटलं इतके प्रश्न कशाला. पण प्रत्येक प्रश्नामागे एक आजार आहे. बोटांचा रंग बदलणं लुपसमध्येही होतं पण स्क्लेरोडर्मात जवळजवळ सगळ्यांना होतं. कोरडं तोंड, कोरडे डोळे म्हणजे शोग्रेनचा संशय. दंड-मांड्यांची ताकद जाणं म्हणजे स्नायूंचा आजार, मग सीपीके नावाची तपासणी. आणि लघवीचा फेस हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, त्याचं पुढे सांगते.

मग तपासणी. नणंदेला खिडकीजवळ उजेडात बसवलं आणि नाकाच्या बाजूपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी जाते तिच्यावरून बोट फिरवलं. मला जवळ बोलावून दाखवलं, की बघा, गाल लाल आहेत, नाकाचा वरचा भाग लाल आहे, पण ही घडी कोरी आहे. लुपसची लाली ही घडी सहसा सोडून देते, कोंड्याच्या त्रासातली जी लाली असते ती नेमकी याच घडीत जमते, आणि वांग असेल तर तो लाल नसतो, तपकिरी असतो. नंतर हात. बोटांवर लाल चट्टे होते, ते सांध्यावर आहेत की दोन सांध्यांच्या मधे हे बघितलं. लुपसचे चट्टे सांध्यांच्या मधल्या भागात येतात, डर्मॅटोमायोसायटिसचे बरोब्बर सांध्यांवर. इतक्या महिन्यांत कितीतरी जणांनी हेच हात बघितले होते. मग नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकला आणि लाइटवाल्या भिंगातून तिथल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या बघितल्या, स्क्लेरोडर्मात त्या फुगतात, मधूनमधून गायब होतात, हिच्या ठीक होत्या. टॉर्च घेऊन तोंड उघडायला लावलं तर टाळूवर एक फोड. नणंद म्हणाली मला तर काही दुखत नाही, मला माहीतच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, न दुखणारा म्हणूनच महत्त्वाचा.

एवढं झाल्यावर आतल्या बाथरूममध्ये बाटली घेऊन पाठवलं आणि तिथल्या तिथे लघवीत पट्टी बुडवली. पट्टीवरचा प्रोटीनचा पिवळा चौकोन आमच्या डोळ्यादेखत हिरवा झाला. खोलीत कोणी काही बोललं नाही. ही पट्टी अगदी स्वस्तात येते, हजारो रुपयांच्या तपासण्या करून झालेल्या आमच्या त्या जाडजूड फाइलमध्ये गेल्या कित्येक महिन्यांतला लघवीचा एकही रिपोर्ट नव्हता. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्तातली तपासणी, होतं, नॉर्मल होतं, म्हणून सगळे म्हणत होते किडनी फर्स्टक्लास आहे. मॅडमनी समजावलं की लुपस किडनीत शिरतो तेव्हा सुरुवातीला दुखत नाही, क्रिएटिनिन पण वाढत नाही, फक्त लघवीतून प्रोटीन जायला लागतं, आणि ते लघवी तपासल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही. त्यांच्याकडे प्रत्येक लुपसच्या पेशंटची प्रत्येक वेळी लघवी तपासतात, ठणठणीत वाटत असलं तरी.

आता रक्ताच्या तपासण्यांबद्दल, कारण इथेच लोकांचे पैसे सगळ्यात जास्त जातात. या क्लिनिकची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एकदम सगळं लिहून देत नाहीत. पहिल्या फेरीत सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (दोन्ही शरीरातली सूज दाखवतात), क्रिएटिनिन, लघवी आणि एएनए (आपल्याच पेशींच्या केंद्रकावर उलटणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी), बस. लॅब कुठलीही चालेल, आमच्याच खालच्या लॅबमधून करा अशी सक्ती नाही. अट एकच, एएनए इम्युनोफ्लुओरेसन्स पद्धतीने (चमकणारा रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघतात ती) पाहिजे, हेप-टू नावाच्या लॅबमधल्या पेशींवर, आणि रिपोर्टमध्ये टायटर (रक्त किती पट पातळ केलं तरी पॉझिटिव्ह येतं तो आकडा) आणि पॅटर्न (पेशीत चमक कशी दिसते ते) दोन्ही लिहिलेलं पाहिजे. आमच्याकडे आधीचा एक एएनए होता, एलायझा नावाच्या दुसऱ्या पद्धतीचा, त्यात नुसता एक आकडा आणि पुढे निगेटिव्ह. तो बघून आधीच्या डॉक्टरांनी लुपस नाही म्हणून विषय संपवला होता. नवा रिपोर्ट आला तो १:६४०, होमोजिनियस पॅटर्न. त्यानंतरच दुसरी फेरी, डीएसडीएनए (लुपसची जास्त खास अँटिबॉडी), सी३, सी४ (रक्तातली प्रतिकाराची प्रथिनं, लुपस जोरात असला की कमी होतात), ईएनए (अशाच आणखी काही अँटिबॉडी) आणि लघवीतल्या प्रोटीन-क्रिएटिनिनचं प्रमाण. डीएसडीएनए भरपूर पॉझिटिव्ह, सी३ सी४ दोन्ही खाली, पांढऱ्या पेशी चार हजारांच्या आत. ईएसआर खूप वाढलेला पण सीआरपी नॉर्मल, मॅडम म्हणाल्या ही जोडी लुपसमध्ये बरेचदा दिसते, सीआरपी पण चढलेला असेल तर आधी इन्फेक्शन शोधायचं.

एएनए पॉझिटिव्ह म्हणजे लुपस असं मात्र अजिबात नाही, हे वाक्य तर मी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलंय. आमच्या कॉलनीतल्या एका काकूंनी फुल बॉडी पॅकेज केलं, त्यात एएनए १:८० आला. त्रास काहीच नाही, रोज सकाळी फिरायला जातात, पण नेटवर वाचून इतक्या घाबरल्या की जेवण तुटलं. त्यांनाही मी इथेच घेऊन आले. मॅडमनी तेच सगळे प्रश्न विचारले, तीच तपासणी केली, लघवी बघितली आणि सांगितलं की शंभर धडधाकट माणसं घेतली तर १:८० ला दहा-पंधरा जण पॉझिटिव्ह निघतील, १:१६० लासुद्धा पाचेक जण निघतात, वय वाढलं की अजून, थायरॉइड असेल तर अजून. उलट लुपस असलेल्या जवळजवळ प्रत्येकात एएनए पॉझिटिव्ह असतो, म्हणून ही तपासणी आजार नाही असं म्हणायला चांगली, आहे असं म्हणायला एकटी पुरत नाही. काकूंना एक गोळी न देता परत पाठवलं, वर सांगितलं की हा एएनए परत परत करत बसू नका, त्याचा आकडा वर-खाली झाल्याने काही ठरत नाही. किती ठिकाणी याच रिपोर्टवर स्टेरॉइड सुरू झालं असतं.

नणंदेने मॅडमना विचारलं की मग नक्की ठरवता कशावरून. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. २०१९ साली युरोप आणि अमेरिकेच्या रुमॅटॉलॉजी संघटनांनी मिळून एक पद्धत ठरवली, एएनए कमीत कमी १:८० असेल तरच पुढे जायचं, मग ताप, पेशी, तोंडातले फोड, चट्टे, सांधे, किडनी, सी३-सी४, डीएसडीएनए प्रत्येकाला मार्क, आणि दहा मार्क झाले की लुपसच्या वर्गात. त्यातही लक्षणाला दुसरं चांगलं कारण सापडत असेल तर मार्क द्यायचे नाहीत. आणि लगेच हेही सांगितलं की ही पद्धत मुळात संशोधनासाठी आहे, समोरच्या पेशंटला सात-आठ मार्क असतील तरी आजार असू शकतो, तेव्हा वाट बघायची, दर काही महिन्यांनी तपासायचं, नावाची घाई करायची नाही. माझ्या शेजारी बसणारी ती बाई दोन वर्षं अशीच येतेय, आजार कनेक्टिव्ह टिश्यूचा, म्हणजे याच लुपस-स्क्लेरोडर्माच्या गटातला, आहे एवढं नक्की, पण कुठला ते अजून उघड झालेलं नाही, आणि मॅडमनी तिला जबरदस्तीने कुठलं लेबल लावलं नाही. मला हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो.

आमच्याकडे किडनीची बायोप्सी करावी लागली. ती क्लिनिकमध्ये होत नाही, नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवलं, सोनोग्राफीत बघून सुई घालतात, एक रात्र ठेवून घेतात. क्लास फोर आला, म्हणजे किडनीच्या निम्म्याहून जास्त गाळण्यांमध्ये लुपसची सूज. नुसत्या या एका गोष्टीचेच त्या पद्धतीत दहा मार्क होतात. घरात सगळे हादरले, सासूबाई तर देवघरातून उठेनात, पण मॅडमनी त्या दिवशी वीस मिनिटं फक्त बोलण्यासाठी दिली. औषध लिहायच्या आधी विचारलं की लग्नाचा, मुलाबाळाचा विचार कधीचा आहे, कारण मायकोफेनोलेट नावाची जी गोळी द्यायची आहे ती चालू असताना गर्भ राहिला तर बाळात दोष येऊ शकतो. पुढे आजार निदान सहा महिने शांत राहिला की गोळी बदलून बाळाचा विचार करता येतो, लुपसमध्ये आई होता येत नाही असं काही नाही. सासूबाईंना हे हिंदीत नाही, तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं, तेवढ्याने त्या जरा सावरल्या.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, लुपसची नेहमीची गोळी, तर सुरू झालंच, कोविडच्या वेळी २०२० मध्ये जी गोळी मेडिकलमधून गायब झाली होती आणि लुपसवाल्यांचे हाल झाले होते, तीच. त्यासाठी आधी वजनकाट्यावर उभं केलं, किलोमागे रोजचे पाच मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, जास्त डोस वर्षानुवर्षं गेला तर डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होतो. म्हणून सुरुवातीला एकदा डोळे तपासून घ्यायचे आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. स्टेरॉइडचा डोस कधी किती कमी करायचा ते तारखेनिशी लिहून दिलं, मनाने एकदम बंद करायचं नाही हे तीनदा सांगितलं. ऊन टाळायचं, म्हणजे नुसता दुपट्टा गुंडाळून भागत नाही, सनस्क्रीन, फुल बाह्या, आणि सकाळी दहा ते चारमधलं इंदूरचं ऊन शक्य तेवढं चुकवायचं. शाळेने तिची ग्राउंडची ड्यूटी काढली. आता लघवीतलं प्रोटीन उतरतंय, चेहरा साफ आहे, खडू धरता येतो.

आता तक्रारी, त्या पण लिहायलाच पाहिजेत. ज्या क्लिनिकमध्ये निम्म्या लोकांचे गुडघे-घोटे सुजलेले असतात ते पहिल्या मजल्यावर कसं काय असू शकतं? लिफ्ट आहे पण आम्ही गेलो तेव्हा बहुतेक वेळा बंदच. एक म्हातारे आजोबा मुलाच्या खांद्याचा आधार घेत एकेक पायरी चढत होते, ते बघवत नव्हतं. मालकाने हे ताबडतोब सुधारावं. दुसरं म्हणजे वेळ. अकराची अपॉइंटमेंट म्हणजे एकच्या आधी आत जाल अशी आशा ठेवू नका. मॅडम प्रत्येकाला वेळ देतात म्हणून उशीर होतो हे कळतं, पण मग रिसेप्शनने नंबर कमी घ्यावेत किंवा फोन करून खरी वेळ सांगावी. बसायच्या खुर्च्या प्लॅस्टिकच्या, पंखा एका कोपऱ्यात. रिसेप्शनची मुलगी मात्र आपल्याकडची, राजेंद्रनगरची, मराठीत बोलते आणि नीट बोलते. नवीन पेशंटची फी हजाराच्या आसपास, पंधरा दिवसांत रिपोर्ट दाखवायला गेलं तर परत फी घेत नाहीत. ज्यांना परवडत नाही त्यांना मॅडम स्वतः सरकारी एमवाय हॉस्पिटलच्या ओपीडीत जायला सांगतात आणि कुठल्या तपासण्या तिथे आधी मागायच्या ते चिठ्ठीवर लिहून देतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

जाणार असाल तर फोन करून नंबर लावा, वॉक-इन सहसा घेत नाहीत. चेहऱ्यावरची लाली, बोटांचा रंग, सूज, जे काही येतं-जातं त्याचे मोबाइलवर उजेडात फोटो काढून ठेवा, कारण नेमकं त्या दिवशी काही दिसत नाही. कुठली लक्षणं कधी सुरू झाली ते तारखेच्या अंदाजाने एका कागदावर लिहून न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि ट्यूब पिशवीत घालून न्या, त्यात ती गोरं करणारी क्रीमसुद्धा. पहिल्या भेटीला उपाशी जायची गरज नाही, उलट नाश्ता करून जा आणि पाण्याची बाटली ठेवा, आणि आत जायच्या आधी लघवीला जाऊन येऊ नका, बाटली हातात मिळणारच आहे.